अठ्ठेचाळीस सामने

१० जानेवारी १९९४, सोमवार

पेट्या आल्या. मुंबई बंदरातून बुऱ्हाणपूरला सात ट्रक. अठ्ठेचाळीस माग, सगळे सुटे करून भरलेले. गिरणीमालक लीलाधरशेठ सकाळीच म्हणाले, "मास्तर, आता तुमचं जर्मन कामाला येणार. सोळा वर्षं फुकट सांभाळलं."

गिरणीने मला अठ्ठ्याहत्तर साली आठ महिने पूर्व जर्मनीत शिकायला पाठवलं होतं. ज्या शहरात शिकलो त्याचं नाव आता बदललं आहे आणि तो देशही राहिला नाही. माझं प्रमाणपत्र मात्र कपाटात आहे.

पेट्यांबरोबर माग उभे करून द्यायला एक बाई आली आहे. केर्स्टिन फोगेल. एकतीस वर्षांची, आखूड केस, जिना उतरताना उजवा गुडघा जपते. तिने पहिल्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही मीच भरली." तिची गिरणी दोन देश एक झाल्यावर बंद पडली. विकत घेणाऱ्यांना इमारत हवी होती, माग नको होते. आठ महिने ती स्वतःचीच गिरणी सुटी करून पेट्यांत भरत होती. मी म्हटलं, वाईट वाटलं असेल. ती म्हणाली, "पगार चालू होता."

मला 'माइस्टर' म्हणते. मास्तर आणि माइस्टर, फार फरक नाही.

१५ जानेवारी, शनिवार

बारा माग उभे झाले. मागांवर नंबर हवेत, तिच्या यादीत आहेत तेच. मी म्हटलं इंग्रजी आकडे घालू. तिने विचारलं, "चालवणारे कोणते वाचतात?" मी आपले आकडे कागदावर काढून दाखवले. दुपारभर तो कागद खिशात घेऊन फिरली, आणि संध्याकाळपर्यंत बुधवारा मोहल्ल्यातल्या निंबा पेंटरचा ब्रश मागून घेऊन १ ते १२ स्वतः रंगवून मोकळी झाली. ९ चं शेपूट उलटं काढलं होतं, पुसून पुन्हा काढलं.

कामगारांनी तिचं नाव 'किसनबाई' करून टाकलं आहे. ती ओ देते.

२३ जानेवारी, रविवार

पेट्या उघडून झाल्या त्या मागच्या आवारात आज फुटबॉल. मागांवरच्या मुकादमाची, दगा जॉबरची पोरगी सोजर (आजीचं नाव ठेवलेली, नववीत आहे) शाहपूरहून बापाबरोबर आली होती. शाळेतल्या सहासात मुली घेऊन चिंध्यांच्या चेंडूशी खेळत होती. किसनबाई बघत उभी राहिली, मग बूट घट्ट बांधून आत शिरली. गुडघा दुखरा, पण चेंडू तिच्या पायाजवळ आला की थांबून विचार करतो असं वाटायचं.

नंतर पेटीवर बसून चहा घेताना तिने सांगितलं. बारा वर्षं गिरणीच्या संघात, पाळी संपल्यावर सराव. मधल्या फळीत. "मागून आलेला पुढे द्यायचा. गोल कोणाच्या नावावर गेला ते बघायचं नाही." त्यांच्या सरकारने बायकांचा राष्ट्रीय संघ असा कधी काढलाच नव्हता. काढला तो नव्वद सालच्या मे महिन्यात, जेव्हा भिंत पडून सहा महिने झाले होते. पहिला सामना झेक मुलींशी. ही बदली म्हणून उतरली, अडतीस मिनिटं खेळली. तीन गोलांनी हरल्या. ऑक्टोबरात देश संपला आणि संघही. दुसरा सामना झालाच नाही.

"मग पश्चिमेकडे?"

"दीड वर्ष, एका क्लबच्या दुसऱ्या संघात. ओळख करून देताना 'ही तिकडची' म्हणायचे. वाईट अर्थाने नाही. मग गुडघा."

"तो सामना कुठे तरी नोंदलेला असेल ना?"

ती म्हणाली, क्लब बुडाला, कपाट भंगारात गेलं, माझ्याकडे कागद म्हणून एकही नाही. आईला वाटतं मी राखीव बाकावरच बसले होते.

हे सगळं ती हसत सांगत होती. मीही हसलो.

२ फेब्रुवारी, बुधवार

आता वीस मुली येतात. काम सुटल्यावर तासभर. पण शेठनी मागच्या आवारात गोदाम बांधायचं काढलं आहे. मी विषय काढला, मुलींसाठी जागा राहू द्या, जर्मनीची आंतरराष्ट्रीय खेळाडू आहे, शहराचं नाव होईल.

शेठ खूश झाले. "असं? मग सत्कार करू ना! शाल, श्रीफळ, मानपत्र. क्रीडा अधिकाऱ्यांना बोलवू. किती मॅच खेळली?"

"एक."

"एक? जिंकली?"

"हरली."

"मास्तर, ये तो हद हो गई. एका हरलेल्या मॅचवर मी नारळ कोणाच्या हातात देऊ? अधिकारी हसतील. तुम्ही जरा नीट विचारून घ्या. माणूस परदेशात लाजतो."

म्हणजे मी काय ते समजलो.

दगाही तेच म्हणाला. "मास्तर, सोजरच्या आईले हे पटत नाही. पोरगी चड्डी घालून खेळते म्हणते. बाई खरंच मोठी असली त मी सांगू शकतो घरी. मोठी आहे ना?"

"मोठी आहे," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

९ फेब्रुवारी, बुधवार

मानपत्र लिहिलं. आजवर साठ-पासष्ट लिहिली असतील. कोणी निवृत्त झालं, कोणाची एकसष्टी, कोणाच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं, लोक माझ्याकडेच येतात. तहसीलच्या कारकुनाला मी ज्ञानसूर्य म्हटलं आहे. ज्याला दोन बोटांनी टाइप करता येत नव्हतं त्याला कर्मयोगी म्हटलं आहे. आजवर कोणी पुरावा मागितला नाही.

पण आज आकडा हवा होता. 'विश्वविख्यात' वगैरे लिहून झालं, आणि 'आपण ___ आंतरराष्ट्रीय सामन्यांत' इथे हात थांबला. समोर खिडकीतून माग दिसत होते. अठ्ठेचाळीस लिहिलं. मग गोल एकोणीस. का एकोणीस, ते सांगता येणार नाही. अठरा बनावट वाटलं असतं.

निंबाने सोनेरी शाईत लिहून दिलं. आकडे जरा मोठे काढले आहेत, ठसठशीत. छान दिसतं.

सुलभाने वाचलं. "तिला काय सांगणार यात काय आहे ते?"

"तिला मराठी येत नाही."

"तेच विचारतेय मी," असं म्हणून ती आत गेली. बायको नको तिथे शब्द धरते.

१३ फेब्रुवारी, रविवार

सत्कार उत्तम झाला. आवारात मांडव, दोनशे माणूस. मी मानपत्र वाचलं, आवाज चांगला लागला. अठ्ठेचाळीसला टाळ्या, एकोणीसला जास्त टाळ्या. क्रीडा अधिकारी म्हणाले, अशा व्यक्तीच्या हातून मुली घडणार असतील तर खंडव्याच्या स्पर्धेत बुऱ्हाणपूरचा संघ आलाच पाहिजे. शेठनी तिथल्या तिथे जाहीर केलं, गोदाम दुसरीकडे बांधू. दगा पहिल्या रांगेत बायकोला घेऊन बसला होता, सारखा तिच्याकडे वळून मान हलवत होता.

केर्स्टिनने फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ बघत उभी होती. मग मला जर्मनमध्ये हळूच विचारलं, "माइस्टर, यात माझा सामना आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. समोरून ऊन येत असावं. मग म्हणाली, "धन्यवाद. हा माझा पहिला कागद."

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. मांडवात भजी जास्त झाली असतील.

१४ फेब्रुवारी, सोमवार

माझा पहिला कागद. कामावर दिवसभर तेवढंच आठवत होतं. मुली खेळल्या. सोजर मधल्या फळीत.

२० फेब्रुवारी, रविवार

तिने आज फ्रेम गेस्टहाउसच्या टेबलावर ठेवून मला बसवलं. "मला एकेक ओळ सांगा. सावकाश."

मी सांगितली. म्हणजे बनवली. मानपत्रात जे नव्हतं ते सगळं जर्मनमध्ये सांगितलं: बारा वर्षं गिरणीच्या संघात, पाळी संपल्यावर सराव, नव्वद सालचा मे महिना, एक सामना, अडतीस मिनिटं. माझं तोडकंमोडकं जर्मन, पण तेवढा वेळ फार सुंदर झालं. मलाच वाटलं, हे असं लिहायला हवं होतं.

तिने सोनेरी आकड्यावर बोट ठेवलं. "आणि इथे?"

"ती... कार्यक्रमाची तारीख आहे."

"अच्छा," ती म्हणाली. 'अच्छा' तिला येतं. मग उठून चहा टाकला, माझ्या कपात साखर जास्त घातली. मला गोड लागतो हे तिच्या लक्षात आहे.

परत जाताना सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर ती शेठकडे जाईल, ती तशी आहे. मग आवार जाईल, सोजर घरी बसेल. एका माणसाशी खरं बोलायला वीस मुलींचं नुकसान करायचं का? हे बरोबर वाटतं. तरी हे वाक्य मी आज चौथ्यांदा मनात म्हटलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

खंडव्याला स्पर्धा. सात गोलांनी हरलो. आपला एकही नाही. मुली बसमध्ये रडल्या, मग बुऱ्हाणपूरचं लालबाग स्टेशन दिसायच्या आत सावरल्या आणि ठरवलं, घरी सांगायचं दोन-दोन बरोबरी झाली. सोजर पुढाकार घेऊन सगळ्यांना पढवत होती, "दुसरा गोल मी मारला म्हणायचं, हां? याद ठेव ना गं, कॉर्नरवरून."

केर्स्टिनने मला विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. आवारात उतरल्यावर तिने रंगाचा डबा आणला आणि मागच्या भिंतीवर हातभर उंचीचे आकडे काढले: ०-७. खाली तारीख. मग मला म्हणाली, "यांना सांगा, हा तुमचा सामना आहे. कोणी दिलेला नाही, खेळून मिळवलेला आहे. दुसरा आकडा लिहिला की हा हरवतो."

मी मराठीत सांगितलं. माझा आवाज नीट लागला नाही. सोजर म्हणाली, "मास्तर, तुम्ही काहून रडता? तुम्ही कुठे गोलकीपर होते?" सगळ्या हसल्या.

भिंतीवर ते शून्य फार गोल आलं आहे. आता हात चांगला बसला आहे तिचा. एवढं बरं, की मराठीचं एक अक्षर तिला वाचता येत नाही.

४ मार्च, शुक्रवार

अठ्ठेचाळीसावा माग सुरू झाला. काम संपलं. बारा तारखेला ती जाणार.

आज म्हणाली, आईला मानपत्र दाखवणार. तिच्या शहराजवळच्या विद्यापीठात भारतीय भाषा शिकवणारे एक प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडून वाचून घेणार. "तुम्ही सांगितलं ते आईला तसंच ऐकायला मिळावं. तसंच मिळेल ना, माइस्टर?"

मी म्हटलं, भाषांतरात थोडं इकडेतिकडे होतं.

"किती इकडेतिकडे?"

तेवढ्यात बारा नंबरच्या मागाचा धागा तुटला आणि मी सुटलो. धागा दगाने एका मिनिटात जोडला असता. मीच धावत गेलो.

त्या आईचा चेहरा मी कधी पाहिला नाही, तरी दिवसभर समोर होता. मुलगी बाकावरच बसली होती असं मानणारी म्हातारी. तिला कोणी तरी वाचून दाखवणार, अठ्ठेचाळीस सामने, एकोणीस गोल. मग ती म्हणणार, म्हणजे तो एकसुद्धा खोटाच होता.

६ मार्च, रविवार

सुलभा म्हणाली, "तुम्ही सांगा, नाही तर मी खुणांनी सांगते. एक बोट दाखवायला भाषा लागत नाही."

शाहपूरला दगाच्या घरी गेलो. आधी त्याला सांगणं भाग होतं, पोरगी त्याची. घरामागच्या केळीच्या बागेत पाणी लावत होता. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. एक सामना. अडतीस मिनिटं. हरली. बाकीचं माझं.

दगाने फावडं टेकवलं. "बस? एवढ्यासाठी बसचे धक्के खात आले?"

"तू घरी सांगितलंस ना, अठ्ठेचाळीस..."

"भाऊ, ते मानपत्र होतं! माझ्या लग्नात मंगलाष्टकं तुम्हीच म्हटली ना? मले राजबिंडा म्हटलं होतं. मतलब काय, माझ्या बायकोनं खरं धरलं? ती समोर उभी होती, मधे फक्त अंतरपाट होता." तो आतल्या बाजूला ओरडला, "काय गं, मी राजबिंडा का?" आतून आवाज आला, "पाणी फुटलं पहा तिकडं, राजबिंडे!"

"मग सोजरला का पाठवतोस?"

"खंडव्याहून आली ना, त सात गोल खाल्ले म्हणून खरं सांगितलं पोरीनं. पहिल्यांदा खरं बोलली घरात. तिची आई म्हणे, जाऊ द्या हिले, बाई चांगलं शिकवते."

शेठना संध्याकाळी गाठलं. ते हिशेबाच्या वहीतून डोकं न काढता म्हणाले, "मला माहीत आहे, एक. तुम्हीच नाही का सांगितलं? आवार दिलं तर दिलं. आता भिंतीवर ०-७ लिहिलंय, तिथं गोदाम बांधलं तर लोक म्हणतील शेठ हरला."

म्हणजे सगळ्या गावाला माझी गोष्ट माहीत होती. मुलींच्या नुकसानीचं जे कारण मी तीन आठवडे पुढे करत होतो, ते नव्हतंच. फसवलं ते एकटीला, जिला तो कागद कागद वाटत होता.

१० मार्च, गुरुवार

नवं मानपत्र लिहिलं. निंबाकडे गेलो नाही, माझ्याच अक्षरात, वर मराठी आणि खाली जर्मन. इतकं लहान मानपत्र मी कधी लिहिलं नाही.

'केर्स्टिन फोगेल. मधली फळी. गिरणीच्या संघात १२ वर्षे. देशासाठी सामने १, मे १९९०. मिनिटे ३८. गोल ०. निकाल ०-३. बुऱ्हाणपुरात माग ४८ उभे केले. मुली २० शिकवल्या.'

'ज्ञानसूर्य' कुठे घालायचा मोह झाला नाही.

काल आणि आज दोनदा गेस्टहाउसच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा ती कपडे वाळत घालत होती. एकदा मुलींना चेंडूला हवा भरायला शिकवत होती. दोन्ही वेळा म्हटलं, आत्ता नको. चोपन्न वर्षांचा माणूस मी.

१२ मार्च, शनिवार

स्टेशनवर सांगितलं. तेही गाडी येण्याची घंटा झाल्यावर, म्हणजे ती फार काही बोलू शकणार नाही अशा वेळी. हे मी ठरवून केलं नाही, पण तसं झालं, आणि तसं का झालं ते मला ठाऊक आहे.

मुली सगळ्या आल्या होत्या. सोजरने केळीची फणी आणली होती, ती कुठे ठेवायची यावरून गोंधळ चालला होता. मी म्हटलं, "फ्राउ फोगेल, ते मानपत्र खोटं आहे. त्यात अठ्ठेचाळीस सामने आहेत. तुम्हाला वाचून दाखवलं तेही खोटं." आणि नवा कागद पुढे केला.

तिने तो घेतला. खालचं जर्मन पाहिलंच नाही. वरच्या मराठीवर बोट ठेवून एकेका आकड्यापाशी थांबत गेली. एक. अडतीस. शून्य. शून्य-तीन. अठ्ठेचाळीसपाशी हसली. वीसपाशी मुलींकडे पाहिलं.

मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपटी वस्तू काढून माझ्या हातात दिली. "ही मी नेणार नव्हतेच. मुलींच्या शाळेत लावा."

"आईला दाखवायला?"

तिने माझा कागद उचलून दाखवला. "हा."

गाडी आली, सोजरने फणी खिडकीतून आत कोंबली. गाडी हलल्यावर केर्स्टिन काही तरी म्हणाली, मुलींच्या आरड्यात मला ऐकू आलं नाही.

घरी येऊन वर्तमानपत्र सोडलं. सोनेरी मानपत्र. काच काढून पुन्हा बसवलेली. ४८ वर मागांवरच्या नंबरांच्याच काळ्या रंगाची एक नीट आडवी रेघ, शेजारी १. एकोणीसवर रेघ, शेजारी ०. समासात ३८. आणि खाली कोपऱ्यात, बारीक ब्रशने, ९ चं शेपूट बरोबर काढलेली तारीख: १३.२.९४.

सुलभाने ते हातात घेतलं, पाहिलं, आणि कपाटावर ठेवलं.

मी या वहीची पानं मागे उलटली. पंधरा जानेवारी वाचली. मग तेरा फेब्रुवारी काढली. त्यात मी लिहिलं आहे, समोरून ऊन येत असावं.

मांडव उत्तरेकडे तोंड करून होता. मीच बांधून घेतला होता. तिथे ऊन येत नाही.